ह्याला चासी कुठाय?

उरुळी कांचनच्या अलीकडे सोलापूर रस्त्याला लागून एक गॅरेज आहे. तिथे परवा एक जुना मॅसी १०३५ ट्रॅक्टर मधोमध फोडून ठेवला होता. मागचं धड लाकडी ओंडक्यांवर, पुढची चाकं चार-पाच फुटांवर, आणि चेन ब्लॉकला इंजिन लटकलेलं. इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे त्याच्या मुख्य ओतीव धडाला, चीर गेलेली. त्याच्या जागी मालकाने कुठल्याशा मंगल कार्यालयातल्या जनरेटरचं इंजिन आणलं होतं. तेच घराणं, तेच तीन सिलिंडर.

‘‘मिस्त्री, जीपचं इंजिन नुसतं वर उचलून काढतात. इथे एवढी फोडाफोड कशाला?’’

‘‘साहेब, ह्याला चासी कुठाय?’’

एका वाक्यात सगळं आलं. ट्रकचं इंजिन चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बसलेलं असतं. अशा ट्रॅक्टरचं इंजिन स्वतःच चासी असतं. पुढे अ‍ॅक्सलचा आधार, मागे क्लचचं हाऊसिंग, आणि मधला ब्लॉक म्हणजे पाठीचा कणा. ही रचना घराघरांत नेली ती हेन्री फोर्डच्या १९१७ च्या फोर्डसन ट्रॅक्टरने. लोखंड वाचलं, किंमत उतरली. पण ढेकळांतून जाताना जो वाक पडतो तो इंजिनाच्याच अंगावर येतो. जनरेटरच्या इंजिनाला हे माहीतच नसतं. ते लोखंडी पायावर बसून असतं, म्हणून त्याच्या खालचा ऑइलचा डबा पत्र्याचा चालतो. ट्रॅक्टरला बिडाचा, जाड, बोल्टांनी आवळलेला लागतो. मिस्त्रीने सगळ्यात आधी जुन्या इंजिनाचा डबाच उतरवून घेतला होता.

इंजिनांची अशी अदलाबदल नवी नाही. १९४६ पासून इंग्लंडात निघालेल्या फर्ग्युसन टीई-२० मध्ये आधी अमेरिकेचं कॉन्टिनेंटल इंजिन होतं, मग स्टँडर्ड कंपनीचं आलं. त्याच जातीचं इंजिन व्हॅन्गार्ड मोटारीत आणि पुढे ट्रायम्फ टीआर-२ या स्पोर्ट्‌स कारमध्येही चाललं. अमेरिकेत फोर्डच्या ९-एन ट्रॅक्टरचं चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे जवळपास मर्क्युरी मोटारीच्या आठ सिलिंडरच्या व्ही-८ चं अर्धं! बोअर (सिलिंडरचा व्यास) तेवढाच, स्ट्रोक (दट्ट्याची धाव) तेवढाच. मग ८-एन मध्ये अख्खा व्ही-८ बसवण्याचं सामान फंक नावाच्या कंपनीने विकायला काढलं, यात नवल नाही.

उरुळीत मात्र अडचण बोल्टांची होती. जनरेटरच्या इंजिनाची मागची प्लेट वेगळी, भोकं वेगळी. म्हणून भोसरीच्या एका लेथवाल्याकडून मधली प्लेट करून आणलेली. ती होती १८ मिलिमीटर जाड, आणि गोची तिथेच होती. गिअरबॉक्सचा शाफ्ट फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या, मधोमध असलेल्या छोट्या बेअरिंगमध्ये टेकला पाहिजे. प्लेट मध्ये आली की इंजिन तेवढं पुढे सरकतं आणि शाफ्टचं टोक हवेत राहतं. यावर उतारा म्हणून मिस्त्रीने एक बुश, म्हणजे टोकाला आधार देणारी नळी, करून घेतला होता.

मग त्याने फ्लायव्हीलवर चुंबकाने डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक, चिकटवला, टोक प्लेटच्या आतल्या कडेला टेकवलं आणि हाताने इंजिन फिरवू लागला. काटा थरथरत एका बाजूला सरकला. तेवढ्याने त्याचं तोंड वाकडं झालं. मला ते अति वाटलं, मग हिशेब केला. मिनिटाला २००० फेरे म्हणजे तासाला १,२०,०००. इंजिन आणि शाफ्ट यांच्या मध्यांत केसभर फरक असला, तरी प्रत्येक फेऱ्याला क्लच प्लेटचे दाते शाफ्टवर घासणार. आठवडाभर रोटाव्हेटर चालवला की दात्यांचा भुगा. बोल्ट ढिले करून, लाकडी हातोडीने ठोकून, पुन्हा आवळून, असं सहा वेळा झालं.

दुसरी गंमत वेगाची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. चार ध्रुवांचा अल्टरनेटर तेवढी वीज देतो ती मिनिटाला १५०० फेऱ्यांना. त्यामुळे जनरेटरच्या डिझेल पंपातला गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, तिथेच बांधून ठेवलेला असतो. ट्रॅक्टरला वेग जास्त, शिवाय पायाखाली कमी-जास्त होणारा लागतो. मागे पीटीओवर, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या दांड्यावर, मिनिटाला ५४० फेरे मिळायला इंजिन ठरावीक वेगातच फिरलं पाहिजे. ट्रॅक्टरचा जुनाच पंप चढवला, प्रश्न सुटला.

मालकाला खरं तर चार सिलिंडरचं मोठं इंजिन हवं होतं. मिस्त्रीने नको म्हटलं. पहिल्या गिअरला ताशी अडीच किलोमीटरने नांगरताना मागचं चाक मिनिटाला दहाएक फेरे घेतं, इंजिन २०००. म्हणजे इंजिनाचा पीळ (टॉर्क) चाकापर्यंत जवळजवळ दोनशेपट होतो. एरवी टायर घसरतो म्हणून गिअर वाचतात. टायर म्हणजे फ्यूजच म्हणा. पण मोठं इंजिन आलं की माणूस चाकात पाणी भरतो, वजनं टांगतो, टायर घसरायचा थांबतो, आणि मग दात तुटतात ते मागच्या गिअरपेटीतले.

संध्याकाळी मागचं धड जॅकच्या ट्रॉलीवरून पुढे ढकललं. शाफ्ट क्लचपाशी अडला. एकाने पुढून फ्लायव्हील बोटभर फिरवलं, दाते जुळले, आणि दोन्ही धडं टकदिशी मिटली. मालक तेवढ्यात नव्या इंजिनाच्या नंबरावरची घाण पुसून तो खडूने कागदावर उतरवून घेत होता. इंजिन बदलल्याची नोंद करायला सोमवारी त्याला पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओत जायचं होतं.