जुनी गाडी नावावर करताना अर्ज नेमका कुठे अडतो

घरात एक गाडी आहे, पण ती रोज दुसरंच कोणीतरी नेतं. थंडीत भल्या सकाळी दुचाकीवर निघणं जिवावर येतं, आणि ऑफिस तर जेमतेम सहा-सात किलोमीटरवर. मग तेवढ्यापुरती दहा-बारा वर्षं जुनी, स्वस्तातली दुसरी गाडी घ्यायचं ठरतं. अशी गाडी बघायला जाताना लोक ओळखीचा मेकॅनिक आवर्जून नेतात. तो क्लच बघतो, गंज बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, मात्र टोकन देऊन झाल्यावर हातात येते, आणि पुढे आरटीओतून अर्ज परत येतो. स्वस्त गाड्यांच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण पुष्कळदा गाडी स्वस्त असते तीच मुळी कागद अडकल्यामुळे. म्हणून पुढची माहिती पैसे देण्याआधी वाचावी. कायदा देशभर एकच आहे, मोटार वाहन कायदा 1988 आणि त्याखालचे केंद्रीय नियम 1989. इथे महाराष्ट्रातली गाडी धरून लिहिलं आहे.

मूळ प्रक्रिया लहान आहे. विकणारा फॉर्म 29 भरतो, घेणारा फॉर्म 30. सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पॅन, घेणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा आणि चासी नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर, शुल्कही तिथेच. मोटारीच्या हस्तांतराचं मूळ शुल्क 300 रुपये आहे. स्मार्ट कार्ड आणि टपालाचे वेगळे. एजंट जे हजारो सांगतो त्यात हे एवढंच सरकारचं असतं, हे लक्षात ठेवून घासाघीस करावी. घेणाऱ्याच्या पात्रतेचं म्हणाल तर फार काही नाही. गाडी नावावर करायला ड्रायव्हिंग लायसन्स लागत नाही, चालवायला लागतं. इथे खरी परीक्षा गाडीची आणि विकणाऱ्याची असते.

मुदत

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. कायद्याच्या कलम 50 नुसार विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. गाडी दुसऱ्या राज्यात चालली असेल तर विकणाऱ्याला 45 दिवस मिळतात. लोक यातला 30 चा आकडा तेवढा लक्षात ठेवतात आणि तो मोजतात कागद हातात आल्यापासून. मुदत धावते विक्रीच्या तारखेपासून, म्हणजे फॉर्म 29 वर जी तारीख आहे तिथून. ती तारीख कोरी ठेवून सह्या करायची पद्धत सर्रास आहे आणि तीच पुढे दोघांच्याही अंगाशी येते.

विकणाऱ्याला वाटतं, पैसे मिळाले, आता आपला काय संबंध? संबंध असतो. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याच्या नजरेत मालक. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे गेली, आरसीवरचं नाव मात्र पहिल्याचंच राहिलं आणि अपघात झाला, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच टाकली. विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याला एवढं सांगून बघा. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी आधार कार्ड घेऊन हजर होतात.

विकणाऱ्याचा मोबाइल आणि विकणाऱ्याचं नाव

फॉर्मच्या यादीत ही गोष्ट कुठेच नाही, तरी अर्ज सगळ्यात जास्त इथेच थांबतात. ऑनलाइन अर्जात ओटीपी विकणाऱ्याच्याही मोबाइलवर जातो. दहा वर्षांपूर्वी गाडी घेताना शोरूममधल्या माणसाने कुठला नंबर टाकला होता हे कोणालाच आठवत नाही. कधी तो नंबर केव्हाच बंद झालेला असतो, कधी शोरूमवाल्याचा स्वतःचाच निघतो. तेव्हा सौदा ठरवताना विकणाऱ्याला समोर बसवून पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे पाच अंक टाकायला लावा आणि ओटीपी कोणाच्या फोनवर येतो ते बघा. नंबर जुना असेल तर तो बदलण्याची सोय पोर्टलवरच आहे. पण ते काम विकणाऱ्याने करायचं, आणि पैसे पूर्ण मिळण्याआधी करायचं. नंतर तो फोन उचलत नाही.

दुसरी अडचण नावाची. आरसीवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. आरसीवर वडिलांचं नाव आद्याक्षरात, आधारवर पूर्ण. दत्तात्रय आणि दत्तात्रेय. माणूस तोच आहे हे समोरच्या कारकुनालाही दिसत असतं, पण संगणक जुळवत नाही म्हटल्यावर तोही हात वर करतो. फेसलेस, म्हणजे कार्यालयात न जाता ऑनलाइन केलेला, अर्ज नावावर अडला तर प्रतिज्ञापत्र करून, मूळ कागद घेऊन प्रत्यक्ष कार्यालयात जायची तयारी ठेवा, आणि विकणाऱ्याला ते आधीच सांगून ठेवा.

घेणाऱ्याच्या बाजूचा प्रश्न पत्त्याचा. तुम्ही राहता पुण्यात आणि आधारवर पत्ता गावचा. कायदा म्हणतो, घेणारा जिथे राहतो आणि गाडी जिथे ठेवली जाते तिथल्या नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. भाड्याने राहणाऱ्यांनी नोंदणीकृत भाडेकरार हाताशी ठेवावा, किंवा आधारवरचा पत्ताच आधी बदलून घ्यावा. दुसरा मार्ग लांबचा वाटतो, पण कटकट कमी. गाडीचा नंबर बदलेल या भीतीने काही जण पत्ता लपवतात. ती भीती निराधार आहे. राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो, एमएच 14 ची गाडी पुण्यात आली म्हणून एमएच 12 होत नाही.

बोजा

कर्ज फिटलं म्हणजे बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरला असं नाही. बँकेने ना हरकत पत्र दिलं आणि ते कपाटात गेलं, असं निम्म्या घरांत असतं. आरसीवर बँकेचं नाव असेल तोवर बँकेच्या संमतीशिवाय गाडी तुमच्या नावावर होणार नाही. बोजा उतरवायला बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 दोन प्रतींत लागतो आणि सोबत बँकेचं ना हरकत पत्र. या पत्राला मुदत असते आणि ती बहुधा काही महिन्यांचीच असते, हे वाचायचं राहून जातं. पाच वर्षांपूर्वीचं पत्र दाखवून उपयोग नाही, विकणाऱ्याने बँकेत जाऊन नवं आणायला हवं. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर पत्र नव्या बँकेचं लागतं, आणि तिथे जुन्या कर्जाची फाइल शोधायला लावणं ही एक वेगळीच तपश्चर्या आहे. कर्ज एखाद्या बुडालेल्या छोट्या फायनान्स कंपनीचं असेल तर मी सरळ सांगतो, दुसरी गाडी बघा.

मालकच हयात नसेल तर

'बाबांची गाडी होती, फार कमी फिरली आहे' हे खरंही असतं. पण आरसीवर बाबांचं नाव असताना मुलगा फॉर्म 29 वर सही करू शकत नाही. आधी फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर, मग वारसाकडून तुमच्या नावावर. वारसाने मृत्यूनंतर 30 दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत हा अर्ज करायचा असतो. दुखवट्याच्या घरात हे कोणाला सुचणार, पण नियम तसा आहे. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, बाकीच्या वारसांची संमती हे सगळं त्यांनी जमवायचं. 2021 पासून आरसीवर नॉमिनी म्हणून नाव लावता येतं. तसं लावलेलं असेल तर काम सोपं होतं, पण जुन्या गाड्यांवर ते क्वचितच दिसतं. मृताची सही जुळवून आणणारे एजंट आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका, तो थेट फौजदारी मामला आहे.

डीलरकडून घेताना

मूळ मालकाने कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी डीलरला दिलेली असते आणि डीलर तेच फॉर्म तुमच्या हातात ठेवतो. 1 एप्रिल 2023 पासून नियम बदलले आहेत. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकृत परवानगी घ्यावी लागते, आणि गाडी त्याच्याकडे आली की मालकाने फॉर्म 29 सी मध्ये तसं कळवायचं असतं. तिथून गाडीची जबाबदारी डीलरची. तेव्हा डीलरला फॉर्म 29 बी म्हणजे परवानगीपत्र दाखवायला सांगा. तो हसेल किंवा विषय बदलेल. मग निदान मूळ मालकाशी फोनवर बोलल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण ओटीपी शेवटी त्याच्याच फोनवर जाणार आहे.

पंधरा वर्षं जवळ आलेली गाडी

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांसाठी असते, पुढे दर पाच वर्षांनी रीपासिंग, म्हणजे तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण. चौदा वर्षांची गाडी ऐंशी हजारांत मिळते म्हणून लोक खूश होतात. आरसीवर नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत आहे ते बघा. एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षं झालेल्या मोटारीच्या पहिल्या नूतनीकरणाचं शुल्क 5000 रुपये झालं आहे. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, शिवाय तपासणीत पास होण्यासाठी करावी लागणारी दुरुस्ती. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी 60 दिवसांच्या आत करता येतो. पासिंग संपलेलीच असेल तर आधी रीपासिंग आणि मग हस्तांतर, हाच क्रम धरून चाला. ते विकणाऱ्याने करून द्यावं, नाहीतर तेवढे पैसे किमतीतून कमी करावे.

परराज्यातली गाडी

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे बऱ्याच येतात. गाडी चकचकीत, किंमत अर्धी. पण तिला मूळ आरटीओचं फॉर्म 28 मधलं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, इथे फॉर्म 27 भरून नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तिकडे आयुष्यभराचा कर भरला आहे हे उत्तर इथे चालत नाही. त्याचा परतावा तिकडूनच मागायचा असतो, आणि तो भरणारा माणूस आता तुमच्या संपर्कात नसतो. हा सगळा हिशेब मांडल्यावरही स्वस्त पडली तरच घ्या. रोजच्या सहा किलोमीटरसाठी इतका खटाटोप मला तरी पटत नाही.

आता बारीकसारीक. डिकीत सीएनजीची टाकी आहे आणि आरसीवर इंधन फक्त पेट्रोल लिहिलंय? मग किट नोंदवलेलं नाही. ते आधी नोंदवून घ्यायला लावा, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी) झाली आहे का तेही बघा. 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे ती होलोग्रामवाली नंबरप्लेट, बसवलेली नसेल तर आरटीओतली पुढची कामं थांबतात. वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून थकीत चलनं काढा. ती कधी कधी गाडीच्या किमतीत मिळवण्याइतकी निघतात.

विम्यासाठी मुदत वेगळी आहे, 14 दिवसांची. कायद्याच्या कलम 157 प्रमाणे तृतीय पक्षाचं संरक्षण गाडीबरोबर आपोआप तुमच्याकडे येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण आपोआप येत नाही. विमा कंपनीच्या खिडकीवर 'आरसी नावावर झाली की या' असं सांगतात, आणि आरसीला तर महिना लागतो. ऐकून परत येऊ नका. फॉर्म 29, 30 आणि शुल्काच्या पावतीच्या प्रती जोडून 14 दिवसांच्या आत लेखी किंवा ईमेलने कळवा, पोच घ्या, आरसी नंतर द्या. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, विकणाऱ्याचा असतो, तो तुम्हाला मिळणार नाही. त्यामुळे हप्त्यात थोडा फरक भरावा लागेल.

काचेवरचा फास्टॅगही विकणाऱ्याच्या खात्याला जोडलेला असतो. तो त्यालाच बंद करायला सांगा आणि आरसी हातात आली की तुमचा नवा काढा.