बॉनेटवरची वर्तुळं कोण काढतं?

काळी किंवा गडद निळी गाडी असलेल्या प्रत्येकाला हा सल्ला एकदा तरी मिळालेला असतो : "फडका गोल गोल फिरवू नका हो, सरळ मारा. गोल फिरवल्यानंच ती जाळी पडते." सल्ला देणाऱ्याकडे पुरावाही तयार असतो. रात्री पार्किंगमधल्या दिव्याखाली बॉनेटकडे बघा, दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती शेकडो बारीक वर्तुळं दिसतात. हात गोल फिरला म्हणून ओरखडे गोल! अनुमान इतकं सरळ आहे, की ते चूक असेल असं वाटतच नाही.

पण बॉनेटवर ती वर्तुळं नसतात. असतात ते हजारो आखूड, जवळजवळ सरळ, वाट्टेल त्या दिशेनं गेलेले ओरखडे. खात्री करायला मोबाइलचा टॉर्च पुरे. टॉर्च डावीकडे न्या, वर्तुळांचं केंद्रही त्याच्यासोबत डावीकडे सरकतं. दोन मोबाइल घ्या, एकाच पत्र्यावर वर्तुळांचे दोन संच दिसतील, दोन वेगळ्या केंद्रांचे. ओरखडे तर जागचे हललेले नाहीत. गाडी नसेल तर स्वयंपाकघरातलं वापरलेलं स्टीलचं ताट घ्या, त्यावरही हेच दिसतं. पावसात भिजलेल्या झाडामागे रस्त्यावरचा दिवा असेल, तर फांद्यासुद्धा दिव्याभोवती गोल रचल्यासारख्या चमकतात. तिथे तर कोणी फडका मारलेला नसतो.

या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेला परततो. आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. म्हणून नव्याकोऱ्या बॉनेटवर दिव्याचा एकच ठिपका दिसतो. बॉनेटवरच्या इतर जागांवरही दिव्याचा प्रकाश पडतोच, पण तिथून परतणारे किरण आपल्या डोळ्याला चुकवून निघून जातात. ठिपक्याच्या थोडं वरच्या जागेवरून परतलेला किरण डोळ्याच्या वरून किंवा खालून जातो, डावीकडच्या जागेवरचा बाजूनं जातो.

आता त्या जागी ओरखडा आहे असं समजा. ओरखडा म्हणजे अरुंद, लांबट खाच. तिच्या लांबीच्या दिशेनं पृष्ठभाग कुठेच कललेला नसतो. तो कलतो फक्त रुंदीच्या दिशेनं, आधी खाली आणि मग पुन्हा वर. त्यामुळे खाच प्रकाशाला फाकवते, पण सगळीकडे नाही, फक्त स्वतःच्या लांबीला काटकोनात. आडवी खाच प्रकाश वर-खाली पसरवते, उभी खाच डावी-उजवीकडे.

मघाचे चुकलेले किरण आठवा. ठिपक्याच्या वरच्या जागी किरणाची चूक वर-खाली दिशेतली होती. ती दुरुस्त करणं फक्त आडव्या खाचेला जमतं. तिथल्या उभ्या खाचेनं प्रकाश कितीही बाजूला फाकवला तरी तो डोळ्यापर्यंत येणार नाही, म्हणून ती खाच असूनही दिसत नाही. ठिपक्याच्या डावीकडे नेमकं उलट, तिथे उभ्या खाचा चमकतात आणि आडव्या लपतात. थोडक्यात, प्रत्येक जागी चमकते ती ठिपक्यापासून तिथपर्यंत काढलेल्या रेषेला काटकोनात असलेली खाच. ती रेषा त्रिज्या मानली, तर तिला टोकाशी काटकोनात असलेली रेषा म्हणजे स्पर्शिका. चहूबाजूंच्या छोट्या छोट्या स्पर्शिका एकत्र दिसल्या, की आपला डोळा त्यांचं वर्तुळ करून टाकतो. बाकीचे ओरखडे तिथेच असतात, फक्त अंधारात. म्हणजे दिसतात त्यापेक्षा ओरखडे कितीतरी जास्त असतात.

सरळ फडका मारण्याच्या सल्ल्यात मात्र अर्धं तथ्य आहे. सगळे ओरखडे एकाच दिशेचे असले, तर ठिपक्याच्या फक्त दोन बाजूंना चमक दिसेल, पूर्ण जाळी दिसणार नाही. गाडी तितकीच खरवडली जाईल, पण ते दिसेल कमी.

ओरखडे मुळात पाडतं कोण? कापड बहुधा निर्दोष असतं, पाडते ती कापडात अडकलेली धूळ. गाडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे क्लिअर कोट, एक पारदर्शक बहुवारिक, प्लास्टिकच्या जातीचं. दख्खनच्या पठारावरची धूळ बरीचशी काळ्या कातळाची, म्हणजे बेसाल्टची. कठिणतेच्या मोह मापावर (आकडा मोठा तितकं खनिज कठीण) त्यातलं फेल्डस्पार नावाचं खनिज ६ च्या आसपास, पायरोक्सीन हे दुसरं खनिज साडेपाच ते ६. बांधकामाच्या वाळूत क्वार्ट्झ असेल तर ते ७. चाकूचं पातं साडेपाचच्या आसपास असतं, यावरून कल्पना यावी. कोकणातल्या जांभ्याच्या लाल धुळीतली लोहखनिजंही पाचच्या पुढचीच. सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी 'झटकणं' किंवा एकाच बादलीच्या पाण्यात ओळीनं चार गाड्या पुसणं म्हणजे ही खनिजं क्लिअर कोटवर दाबून फिरवणं. दसऱ्याला बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढा, अक्षता वाहा, त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते दुसऱ्या दिवशी सगळं कोरडंच पुसून काढल्यानं.

काळ्या गाडीवर जाळी जास्त दिसते, याचा अर्थ काळा रंग मऊ असतो असा नाही. ओरखड्यातून येणारा प्रकाश क्लिअर कोटच्या पृष्ठभागावरून येतो, तो कुठल्याही रंगाच्या गाडीवर पांढराच. काळ्या पार्श्वभूमीवर तो उठून दिसतो, पांढऱ्या गाडीवर हरवतो. पांढऱ्या गाडीवाल्यांनी फुशारकी मारू नये.

आता उपाय. व्हॉट्सॲपवर फिरणारा खोबरेल तेलाचा नुस्खा घ्या. तो 'चालतो' हे खरंच आहे, आणि का चालतो ते मजेदार आहे. क्लिअर कोटचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वाकवण्याच्या क्षमतेचं माप, साधारण १.५, हवेचा १. एवढ्या फरकामुळे सरळ पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग पृष्ठभागावरून परततो. खोबरेल तेलाचा अपवर्तनांक आहे १.४५ च्या आसपास. खाच तेलानं भरली, की तेल आणि क्लिअर कोट यांच्या सीमेवरून परतणारा प्रकाश जवळपास ०.०३ टक्क्यावर येतो, शंभर पटींहून कमी. खाच जागेवरच असते, पण प्रकाशाला ती जाणवत नाही. दोन धुण्यांत तेल गेलं की जाळी परत हजर. रस्त्याकडेच्या 'अर्ध्या तासात गाडी नवी' वाल्या पॉलिशमध्ये बऱ्याचदा हीच करामत असते, फक्त तेलांचा वास चांगला असतो. संशय आला तर त्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण लावून पुसा. तेल निघेल आणि खरं ते दिसेल.

ओरखडे खरोखर घालवायचे तर एकच मार्ग : खाचेच्या आजूबाजूचा क्लिअर कोट खाचेच्या तळापर्यंत खाली आणायचा. पॉलिशिंगनं गाडीवर काहीही चढत नाही, उतरतं. आणि उतरवायला फार नसतं. कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात, त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५०. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे आपण पॉवरचं यंत्र घेऊन केसाच्या अर्ध्या जाडीवर काम करायला निघालो आहोत.

इथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. पॉलिशच्या कंपाउंडमध्ये बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात आणि त्यांची कठिणता ९. ज्या धुळीनं ओरखडे पाडले, तिच्याहून जास्त! मग ते गाडी खरवडत का नाहीत? खरवडतात. फरक आकारात आहे. धुळीचा एखादा मोठा कण फडक्याखाली सापडला, की हाताचा बराचसा दाब त्या एकट्यावर येतो आणि तो खोल रुततो. कंपाउंडचे कण काही मायक्रॉनचे किंवा त्याहून बारीक, आणि पॅडखाली असंख्य. दाब सगळ्यांत वाटला जातो, प्रत्येक जण किंचितच कोरतो. काचेचं पॉलिश म्हणजे ओरखडे दिसेनासे होईपर्यंत बारीक करत नेणं, हे न्यूटननं १७०४ साली लिहून ठेवलं होतं. काचेच्या बाबतीत पुढे त्यात बरीच भर पडली, पण क्लिअर कोटसाठी न्यूटनचं वर्णन आजही कामचलाऊ आहे.

दिसेनासे म्हणजे किती बारीक? त्याला भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या नावाचा ढोबळ नियम आहे. पृष्ठभागावरचे उंचवटे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक-अष्टमांशाहून कमी असले, तर पृष्ठभाग गुळगुळीत मानायचा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रॉन, म्हणजे मर्यादा ०.०७ मायक्रॉन, केसाच्या जाडीचा हजारावा भाग. नियमात कोनही येतो : पृष्ठभागाच्या लंबाशी प्रकाशाचा कोन जितका मोठा, तितकी ही मर्यादा सैल, कारण एक-अष्टमांशाला त्या कोनाच्या कोसाइननं भागायचं असतं. कोसाइनचा धसका असेल तर एवढंच लक्षात ठेवा, की तिरक्या नजरेनं खडबडीत पृष्ठभागही चकचकीत दिसतो. जुनी गाडी विकणारे फोटो जमिनीलगतच्या कोनातून का काढतात, ते यावरून समजेल.

आता यंत्र. रोटरी पॉलिशर एकाच अक्षाभोवती फिरतो. १५० मिमीचा पॅड मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर त्याची कड सेकंदाला जवळपास १२ मीटर धावते आणि मध्यबिंदू जागच्या जागी असतो. ड्युअल ॲक्शन, म्हणजे डीए पॉलिशरमध्ये पॅड मोकळ्या बेअरिंगवर असतो आणि सगळाच्या सगळा एका छोट्या वर्तुळात डुलतो. त्या वर्तुळाचा व्यास १५ मिमी आणि मिनिटाला ४५०० आवर्तनं धरली, तर वेग येतो सेकंदाला साडेतीन मीटर, मध्यावरही तोच आणि कडेलाही जवळपास तोच. घर्षणानं निर्माण होणारी उष्णता दाब आणि वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, त्यामुळे तेवढ्याच दाबाला डीए रोटरीच्या कडेच्या एक-तृतीयांशाहूनही कमी तापवतो. शिवाय जास्त रेटलं तर पॅडचं फिरणं थांबतं आणि तो नुसता थरथरत राहतो. नवशिक्याला ही मोठी सोय. रोटरी मात्र अननुभवी हातात खरोखरचे कमानदार पट्टे उमटवतो. ते हाताच्या चालीनं पडलेले असतात, तिथे प्रकाशाला दोष देता येणार नाही.

ग्राइंडरला फोमचा पॅड लावून हे काम करण्याचे व्हिडिओ आहेत. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो, म्हणजे पॅडच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर. असा माणूस दिसला तर आपली गाडी लांब लावा.

घरी करायचंच असेल, तर गाडी आधी भरपूर पाण्यानं आणि शाम्पूनं धुवायची, चिकटलेला डांबर-सिमेंटचा कचरा क्ले बारनं, म्हणजे कचरा ओढून घेणाऱ्या मऊ चिकट वडीनं काढायचा. सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना काम सुरू करायचं. उन्हात कंपाउंड वाळतं आणि आधीच तापलेला क्लिअर कोट नरम पडतो. कडा आणि उठावाच्या रेषांवर रंग पातळ असतो आणि दाबही तिथेच एकवटतो, म्हणून मास्किंग टेप. प्लॅस्टिकच्या बंपरवर जपून, कारण पत्रा उष्णता वाहून नेतो, प्लॅस्टिक नेत नाही. सुरुवात सर्वांत सौम्य पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिशनं, फूट-दीड फुटाच्या एकाच चौकोनावर. पॉलिशचे चार-पाच थेंब, यंत्र सावकाश, आधी आडवे मग उभे पट्टे, थोडं एकमेकांवर चढवत. मग मायक्रोफायबरनं पुसून टॉर्च मारायचा. तेवढ्यानं भागलं तर कंपाउंडला, म्हणजे जास्त भरड पॉलिशला, हात लावायची गरज नाही. नख अडकतं असा ओरखडा सोडून द्यायचा. त्याच्या काठांची धार बोथट झाली तरी तो निम्मा दिसेनासा होतो.

कंपाउंडच्या एका पूर्ण फेरीत दोन-चार मायक्रॉन जाऊ शकतात. अतिनील किरण शोषणारी रसायनं क्लिअर कोटमध्येच असतात. तो जितका पातळ, तितकं खालच्या रंगापर्यंत ऊन जास्त पोचतं, आणि मग तो फिका पडतो, पापुद्रे सुटतात. विदर्भातल्या उघड्या पार्किंगमध्ये हे लवकर कळतं. दर दसऱ्याला 'रबिंग' करून घेणाऱ्यांच्या गाड्यांची छपरं अशीच जातात. बाजारात मिळणारं जाडी मोजायचं साधं यंत्रही सगळ्या थरांची मिळून बेरीज सांगतं, क्लिअर कोट किती उरला ते सांगत नाही.

मग पॉलिशनंतर सिरॅमिक कोटिंग करावं का, '९एच' कठिणतेचं? हा ९ मोह मापावरचा नाही. एच म्हणजे पेन्सिलींची श्रेणी, आपल्या एचबीच्या घरातली. ९एच पेन्सिलीनं ओरखडा उठत नाही, एवढाच दावा आहे, आणि पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. कोटिंगचा थर बहुधा मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. त्यावरून पाणी छान ओघळतं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं, यासाठी पैसे द्यायचे तर जरूर द्या. क्वार्ट्झच्या कणासमोर त्याचा निभाव लागत नाही. त्यापेक्षा धुण्यासाठी दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खंगाळायची. गाडी पुसायला येणाऱ्या दादांना मायक्रोफायबरचे दोन-तीन फडके द्या, आणि कोरडी गाडी अजिबात पुसू नका असं सांगा.