नाण्यांतून घडलेली भांडी

बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात पॉल रिव्हिअर या सोनाराने 1768 मध्ये घडवलेला चांदीचा एक मोठा कटोरा आहे. ब्रिटिश सरकारला न जुमानणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या 92 लोकप्रतिनिधींच्या गौरवार्थ तो केला असल्यामुळे इतिहासकार त्यावरचा कोरीव मजकूर वाचतात. मला त्याच्या धातूचे अधिक कुतूहल वाटते.

मॅसॅच्युसेट्ससारख्या अमेरिकेतल्या त्या वेळच्या इंग्रजी वसाहतींत चांदीच्या खाणी नव्हत्या. मेक्सिको आणि पेरूची चांदी स्पॅनिश नाण्यांच्या रूपाने व्यापारातून तेथे पोहोचे, आणि गिऱ्हाईक बहुधा ती नाणी किंवा मोडीची भांडी घेऊनच सोनाराकडे जाई. बँका नसलेल्या त्या समाजात चोरीला गेलेले नाणे ओळखता येत नसे, पण आद्याक्षरे कोरलेला पेला ओळखता येई. म्हणून श्रीमंत घरांची शिल्लक जेवणाच्या मेजावर मांडलेली असे. लंडनसारखी कस तपासणारी अधिकृत व्यवस्था नसल्याने कारागिराचा शिक्का हीच हमी होती.

शुद्ध चांदी रोजच्या वापराला फार मऊ पडते. तांब्याचे हीण मिसळले की तांब्याचे लहान अणू चांदीच्या स्फटिकरचनेत ताण निर्माण करतात, अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत आणि धातू कणखर होतो. नाण्यांत हे हीण आधीच असे. मुशीत वितळवून ओतलेली लगड ठोकून तिचा पत्रा करत आणि तो ऐरणीवर फिरवत, ठोक्यामागून ठोका देत कटोऱ्याच्या कडा उभ्या करत. ठोक्यांमुळे स्फटिकांतले दोष वाढून एकमेकांत अडकतात, धातू ताठरतो आणि तसेच ठोकत राहिल्यास चिरतो. म्हणून दर फेरीनंतर तो मंद लाल होईपर्यंत तापवावा लागे. त्या उष्णतेत ताण नसलेले नवे स्फटिक तयार होतात. हा मिश्रधातू 800 अंश सेल्सियसच्या आसपास वितळू लागतो, त्यामुळे तापमापक नसताना केवळ रंगावरून वेळीच थांबणे ही त्या कारागिरांची खरी विद्या, असे मला वाटते. अनेक वर्षांच्या उमेदवारीत डोळ्यांना ती सवय लागे. फ्रान्समधून आलेले रिव्हिअरचे वडील बॉस्टनच्या जॉन कोनीकडे शिकले आणि रिव्हिअर वडिलांकडे. शेवटी भांडे मठारून गुळगुळीत करत.

जुन्या शुद्धीकरणात चांदीतले सोने पूर्ण निघत नसे; विद्युत् विच्छेदनाने शुद्ध केलेल्या आधुनिक चांदीत ते जवळजवळ नसते. म्हणून आज संग्रहालयांतले वैज्ञानिक भांड्यावर क्ष-किरणांचा झोत टाकून, त्याला ओरखडाही न पाडता, सोन्याचा आणि शिशाचा सूक्ष्म अंश मोजतात, आणि रिव्हिअरच्या नावाचा खोटा शिक्का मारलेले अलीकडचे भांडे त्यातून उघडे पडू शकते.