दुर्मिळ जनुकीय आजार आणि जीवनाची गुणवत्ता (गोवा)

जनुकांतील बिघाडामुळे होणारा आणि फार थोड्यांना जडणारा आजार सोबत घेऊन जगताना माणसाला स्वतःचे आयुष्य कसे वाटते, हा या संकल्पनेचा विषय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जीवनाची गुणवत्ता म्हणजे आपली संस्कृती, मूल्ये, अपेक्षा व चिंता लक्षात घेऊन माणसाने स्वतःच्या स्थितीची केलेली पारख. संघटनेच्या २६ प्रश्नांच्या प्रश्नावलीत शरीर, मन, नातेसंबंध व परिसर हे चार भाग येतात.

यात 'स्वतः' हा शब्द सर्वांत मोलाचा. ड्युशेन स्नायुक्षय या स्नायू हळूहळू दुबळे करणाऱ्या जनुकीय आजारात मुलाचे चालणे साधारण बाराव्या वर्षापर्यंत थांबते. व्हीलचेअर बघून नातलग हळहळतात. पण मुलांनाच विचारले, तर ती आपल्या आयुष्याविषयी आईवडिलांपेक्षा बरेचदा चांगले सांगतात. चवथीला (गणेशचतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना घरचे स्टुलावर चढतात आणि असा मुलगा खाली बसून आंबाडे, कवंडळे, सुपारी हातात देतो, कुठला कोपरा मोकळा दिसतो ते सांगतो. दमेल म्हणून त्याला आतल्या खोलीत बसवले, तर त्याचा सण गेला.

आईच्या मनावर वेगळेच ओझे असते. 'कोणाकडून आलं हे?' असे सहज विचारले जाते. या आजारात सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये बिघाड नव्यानेच झालेला असतो; आईकडून आला असला, तरी जनुक कोणी निवडून देत नाही. जनुकीय समुपदेशनात, म्हणजे आजार कसा आला हे कुटुंबाला तज्ज्ञ समजावतात तेव्हा, हे आईसमोर, आणि शक्यतो सासरच्यांसमोरही, स्पष्ट बोलले गेले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख. दहा लाखांत एकाला होणाऱ्या आजाराचे इथे एखाददुसरेच घर निघते; तेच दुखणे असलेला शेजारी भेटत नाही. दुर्मिळ आजारांविषयीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणातील उत्कृष्टता केंद्रांपैकी मुंबईचे केईएम रुग्णालय गोव्याला जवळचे. अशा केंद्रांतील उपचारांसाठी सरकारी मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपये झाली. मनाच्या आधाराची वाट मात्र गोव्यातच सापडलेली आहे: १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगथ' संस्थेने प्रशिक्षित सामान्य माणसेही नैराश्यात परिणामकारक समुपदेशन करू शकतात, हे दाखवून दिले. अशी माणसे या घरांपर्यंत पोचायला हवीत.

भावंडांकडे सर्वांत कमी लक्ष जाते. शाळेच्या सहलीचा कागद दप्तरातच ठेवणारी धाकटी बहीण काही मागत नाही, म्हणून तिला कोणी विचारतही नाही.