पत्त्यांतला ‘पास’: आधी शिकायचा की शेवटी?

पत्त्यांची जादू शिकणारे दोन जण भेटले की कधी ना कधी विषय पासवर, म्हणजे कॅटचा खालचा अर्धा कुणाला न कळता वर आणण्याच्या चलाखीवर, येतो. एक म्हणतो, पास येत नसेल तर बाकी सगळं पोरखेळ. दुसरा म्हणतो, पाच वर्षं घासूनही लोकांसमोर तो कधी केलाच नाही. हा वाद निदान सव्वाशे वर्षं जुना आहे, आणि पुस्तकांनी पासला कुठल्या पानावर बसवलं हे पाहिलं की त्याची बरीचशी उकल होते.

प्रेक्षकाने निवडलेला पत्ता कॅटच्या मध्यात परत गेला की डाव्या करंगळीचं टोक त्याच्यावर शिरतं आणि बारीकशी फट धरून ठेवतं. उजवा हात वरून येऊन कॅट झाकतो. खालचा अर्धा उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत अडकतो, वरचा अर्धा डाव्या हाताची बोटं ओढून काढतात आणि फिरवून खाली घालतात. निवडलेला पत्ता आता सगळ्यात वर. हे सगळं सेकंदाच्या अंशात. नवशिक्याचा पास पकडायला पत्ते पाहावेच लागत नाहीत. त्याचे खांदे आक्रसतात, बोटांची पेरं पांढरी पडतात, कॅटचं पुढचं टोक झुकतं आणि कडा घासल्याचा ‘खस्’ असा आवाज येतो. वेग वाढवला की आवाजही वाढतो. म्हणून जाणते लोक सावकाश करायला सांगतात, आणि ते नवशिक्याला पटत नाही.

पत्त्यांच्या हातचलाखीचं छापील वर्णन इंग्रजीत 1584 पासून सापडतं. चेटकाच्या समजुतींविरुद्ध लिहिलेल्या एका ग्रंथात, पिसताना हवा तो पत्ता कसा राखून ठेवायचा हे बऱ्यापैकी नीट दिलं आहे. पुढच्या अडीच-तीनशे वर्षांबद्दल इथे फार बोलण्यासारखं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये मात्र सराव ही गोष्ट चर्चेला आली. ब्ल्वाच्या एका घड्याळजीने, जो पुढे त्या शतकातला सर्वांत नावाजलेला जादूगार झाला, आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की हात सतत चालू राहावेत म्हणून त्याने कोटाला खास खिसे शिवून घेतले होते. रस्त्याने चालताना एक हात खिशात, पत्त्यांवर. जेवतानाही एक हात सुपाला आणि दुसरा पाससारख्या चलाखीला. 1868 साली त्याचं शिकवणारं पुस्तक आलं. आठ वर्षांनी, 1876 मध्ये, लंडनच्या एका बॅरिस्टरने फ्रेंच पद्धती इंग्रजीत आणणारा जाडजूड ग्रंथ काढला. त्यात पत्त्यांच्या चलाख्यांची सुरुवातच पासने होते. आधी दोन्ही हातांचा, मग एका हाताचा, मग बाकीचं.

या क्रमामागे वाईट हेतू काहीच नव्हता. फ्रेंच परंपरेत पास हा पायाच मानला जात होता. पण इंग्रजी वाचणाऱ्या एका अख्ख्या पिढीने त्यातून असा अर्थ घेतला की पहिली पायरी हीच, आणि ती चढता आली नाही तर पुढे जायचं नाही. किती जणांनी त्या पानावर कॅट खाली ठेवला असेल याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण हाताला एकही सवय नसलेल्या माणसाला सगळ्यात अवघड जागी उभं केल्यावर दुसरं काय होणार?

1902 साली शिकागोत एक पुस्तक निघालं. लेखकाने टोपणनाव घेतलं होतं, आणि तो नेमका कोण होता हे अजून सिद्ध झालेलं नाही. पुस्तक का लिहिलं, तर पैशांची गरज आहे म्हणून, हे त्याने प्रस्तावनेत सरळ सांगून टाकलं. (असा प्रांजळपणा जादूच्या पुस्तकांत पुन्हा फारसा दिसत नाही.) पुस्तकाचा पहिला भाग जुगाराच्या टेबलावरच्या लबाडीचा, दुसरा जादूचा. पासबद्दल त्याचं मत रोखठोक आहे: पट्टीच्या खेळाडूला ही चलाखी अत्यावश्यक असते हा गैरसमज आहे, तो ती क्वचित आणि नाइलाज झाला तरच वापरतो. पुढे जाऊन तो म्हणतो की टेबलावरच्या नेहमीच्या हालचालीसारखा दिसणारा, किंवा हात स्थिर ठेवून केला तरी काहीतरी झालं हे न कळणारा पास अजून कुणी शोधून काढलेला नाही. आणि एवढं बोलून झाल्यावर त्याच पुस्तकात पासचे कितीतरी प्रकार चित्रांसह दिले आहेत! दोन्ही बाजूंचे लोक आजही याच पुस्तकाचा हवाला देतात, त्याचं कारण हेच.

इथे जुगारी आणि जादूगार यांच्यातला फरक धरून ठेवावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा सुटतो. जुगाऱ्याला पास लागतो तो दुसऱ्याने पत्ते काटल्यानंतर, काट पुसून पत्ते पूर्वीच्या क्रमावर आणायला. त्या क्षणी पैसे लावलेले चार जण त्याच्या हातांकडे पाहत असतात. जादूगाराला क्षण निवडता येतो. प्रश्न विचारला की समोरचा मान वर करतो, तेवढ्यात काम होतं. एकाचं मत दुसऱ्यावर लादलं की सगळा घोळ होतो.

पत्ते काटण्याचाच हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवायचा प्रयत्न अमेरिकेच्या मध्यभागात झाला. 1932 साली कॅन्ससमधल्या विचिटाच्या तुरुंगात एका कैद्याकडून एका जादूगाराला कळलं की कॅटच्या मधून पत्ता वाटणारा एक माणूस आहे. काटल्यावर राखलेले पत्ते मध्ये जातात. मधूनच वाटता आलं तर पासची गरजच उरत नाही. बहुतेकांच्या मते हे अशक्य होतं. तो माणूस शेवटी मिझुरीतल्या प्लेझंट हिल नावाच्या छोट्या गावात सापडला. त्याने ही चलाखी स्वतःची स्वतः बसवली होती. ही हकीकत जादूगारांत भक्तिभावाने सांगितली जाते. माझ्या मते त्या भक्तीने नुकसानही केलं आहे. जितकं दुर्मीळ तितकं श्रेष्ठ, ही समजूत तिथून घट्ट झाली.

चाळिशीच्या दशकाच्या अखेरीला मात्र दोघांनी मिळून लिहिलेल्या एका पुस्तकाने क्रम बदलला. त्याच दोन लेखकांच्या 1940 सालच्या आधीच्या, वरच्या पातळीच्या पुस्तकावर इतरांच्या खासगी युक्त्या न विचारता छापल्याची तक्रार झाली होती, आणि ती अजून धुमसते. नवं पुस्तक नवशिक्यांसाठी होतं. पहिलं प्रकरण साधं हातातल्या हातात पिसण्याचं. प्रत्येक प्रकरणात एक चलाखी आणि लगेच तिच्यावर चालणारे खेळ. पास बऱ्याच पुढे, डबल लिफ्टच्याही (दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलण्याच्या चलाखीच्या) नंतर. पत्ता वर आणायचा तर तो पिसता पिसता आणा, असा त्याचा रोख.

विरोधकांचा मुद्दा हलका नव्हता. पत्ता परत ठेवल्यावर लगेच पिसलं तर ‘पिसताना काहीतरी केलं’ एवढं तरी प्रेक्षकाला म्हणता येतं. चांगल्या पासनंतर म्हणायला काहीच उरत नाही. पत्ता आत गेला, हात थांबले, झालं. शिवाय उशिरा शिकलं तर पिसून सुटका करून घेण्याची सवय लागते आणि पास कायमचा राहून जातो. हे खरं आहे. तरीही मी नव्या क्रमाच्या बाजूचा. पिसणं प्रेक्षकाने रोज पाहिलेलं असतं, त्यात लपायला जागा आहे. पासची चूक एकदा हाताला बसली की ती काढायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

आपल्याकडे गंमत अशी की, एका हातात कॅट धरून दुसऱ्या हाताने पत्त्यांचे गट्ठे ओढत टाकत जायची पद्धत घरोघरी आहे. रमीला बसणारी आजीसुद्धा तशीच पिसते. पाश्चात्त्य पुस्तकांत तिला ‘हिंदू शफल’ म्हणतात, आणि त्या चाळिशीतल्या पुस्तकात ती पासच्याही नंतर येते. मराठी घरातल्या मुलाला ती पहिल्या प्रकरणात चालली असती.

सरावाबद्दलचं संशोधन बरंच नंतर आलं, आणि तेही पत्त्यांवर नव्हतं. 1979 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात हाताच्या तीन हालचाली एका गटाकडून एकेक करून घोटून घेतल्या, दुसऱ्याकडून सरमिसळ करून. सरावात पहिला गट पुढे होता. नंतरच्या चाचणीत दुसरा. एकटा पास तासन्‌तास घोटणारा माणूस आरशासमोर झकास आणि खेळात डळमळीत का असतो, याचं हे निदान एक कारण असावं.

आरसाही फसवतो. नेमक्या क्षणी शिकणाऱ्याचे स्वतःचेच डोळे मिटतात, आणि पास दिसला नाही म्हणून तो खूश. ही खोड कॅमेऱ्याने उघडी पाडली. 1980-90च्या दशकांत व्हीएचएस कॅसेटवरून शिकवण्या निघाल्या, मग डीव्हीडी आल्या, मग एकेका चलाखीचे विकत मिळणारे डाउनलोड. पुस्तकात न उमगणारी लय दिसू लागली. कुठलं बोट हलत नाही, हेही दिसू लागलं, आणि तेच जास्त उपयोगाचं. पत्तेही बदलले. पोकर मापाचा पत्ता साधारण 63 मिमी रुंद, ब्रिज मापाचा 57. लहान हाताच्या माणसाला हे सहा मिलिमीटर जाणवतात. अमेरिकी शिकवण्यांतले हात बहुधा रुंद, घसरट लेपाच्या पत्त्यांवर चालतात. कोपऱ्यावरच्या दुकानातला कॅट पावसाळ्यात दमट होऊन चिकटतो, तेव्हा दोष हाताचा की पत्त्यांचा हे आधी तपासावं.

मोबाइल आल्यापासून पासने पुन्हा पहिली जागा पटकावली आहे. पंधरा सेकंदांच्या व्हिडिओत गोष्ट सांगायला वेळ नसतो. दोन हात, एक कॅट आणि न दिसणारा पास एवढं पुरतं. पण कॅमेरा प्रश्न विचारल्यावर मान वर करत नाही. सेकंदाला तीस चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर एक तृतीयांश सेकंदाचा पास म्हणजे दहा चौकटी, आणि पाहणारा त्या एकेक करून थांबवतो. त्यामुळे एकाच कोनातून निर्दोष दिसणारे पास तयार झाले. तेच हात तीन बाजूंना माणसं बसलेल्या खोलीत गेले की डावीकडच्याला कड चमकलेली दिसते. अशा पासला अवघड म्हणायचं की नुसतं चित्रीकरण, यावर हल्ली भांडणं होतात, आणि त्यातले बरेच जण 1902च्या त्या पुस्तकातलं आपल्या सोयीचं अर्धंच वाक्य उद्धृत करतात.