पार्श्वभूमी : गडी ‘लेसर’ ठरतो तेव्हा

विदर्भ-मराठवाड्यात ‘किरायाचं घर’ म्हणतात, त्यातला किराया आणि स्पेनमध्ये घराच्या दारावर लटकणाऱ्या पाटीवरचा ‘आल्किलेर’ हे एकाच कुळातले. अरबीतला ‘किरा’ फारसीवाटे आपल्याकडे आला आणि मुसलमानी अंमलातल्या स्पेनमधून, म्हणजे अंदलुसमधून, स्पॅनिशमध्ये शिरला. बोलण्यात तिथे अजून आल्किलेरच चालतो. करारनाम्याचा कागद पुढे आला की मात्र शब्द बदलतो : ‘आरेन्दामिएन्तो’. शब्दकोश त्यापुढे ‘लीज’ लिहून मोकळा होतो आणि अनुवादकाची अडचण तिथूनच सुरू होते.

रोमन कायद्यात ‘लोकातिओ कोन्दुक्तिओ’ नावाचा एकच करार होता. वस्तू वापरायला देणे, काम करून देणे आणि चाकरी करणे, असे तिन्ही व्यवहार त्याच्या पोटात मावत. कास्तिलचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या काळात, तेराव्या शतकात रचलेल्या ‘सिएते पार्तिदास’ या संहितेने हा साचा कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश भाषेत आणला आणि १८८९ च्या स्पॅनिश दिवाणी संहितेने तो राखला. कलम १५४२ म्हणते : आरेन्दामिएन्तो वस्तूंचा असतो, कामांचा असतो किंवा सेवांचा. आपल्याला याचे फार नवल वाटू नये. मराठीतला ‘मक्ता’ असाच ऐसपैस आहे. बाजाराच्या वसुलीचा मक्ता असतो तसा बांधकामाचाही असतो.

इंग्लंडची वाट वेगळी. नॉर्मन राजवटीनंतर तिथल्या वकिलांत फ्रेंच रुजली. लेसर म्हणजे भाड्याने देणारा आणि लेसी म्हणजे घेणारा, ही जोडी तिचीच देणगी. लीज हा तिथे हळूहळू नुसता करार न राहता जमिनीतला हक्क बनला. १९२५ च्या मालमत्ता कायद्याने जमिनीत दोनच प्रकारचे कायदेशीर ‘इस्टेट’, म्हणजे जमिनीवरचे हक्क, शिल्लक ठेवले. पूर्ण मालकी हा एक आणि ठरावीक मुदतीची लीज हा दुसरा. आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा इंग्रजांनीच घडवलेला. त्यातही लीज म्हणजे उपभोगाच्या हक्काचे हस्तांतरण अशीच व्याख्या आहे.

म्हणजे स्पॅनिश शब्दात दोन माणसांमधले वचन आहे आणि इंग्रजी शब्दात जमिनीचा तुकडा. हा फरक कळतो तो घर विकले जाते तेव्हा. ‘वेन्ता कीता रेन्ता’, विक्री झाली की भाडेपट्टा तुटतो, अशी स्पेनमध्ये जुनी म्हण आहे आणि दिवाणी संहितेचे कलम १५७१ तेच सांगते : नवा मालक चालू भाडेपट्टा संपवू शकतो. वचन जुन्या मालकाने दिले होते, नव्याने नाही. लीज हा जमिनीतलाच हक्क मानणाऱ्या इंग्रज वकिलाला हे सहज पचत नाही. (राहत्या घरांना पुढच्या कायद्यांनी संरक्षण दिले, पण मूळ नियम हा.)

या दोन शब्दांची सक्तीची गाठ पडली ती १८९८ मध्ये. स्पेनने युद्ध हरून पोर्तो रिको आणि फिलिपिन्स अमेरिकेच्या हाती दिले. कायदा स्पॅनिश आणि राज्यकर्ते इंग्रजी बोलणारे! १८९९ मध्ये अमेरिकेच्या युद्धखात्यानेच स्पॅनिश दिवाणी संहितेचे इंग्रजी भाषांतर छापले. फिलिपिन्सने १९५० पासून स्वतःची संहिता लागू केली तीही इंग्रजीत, पण सांगाडा बराचसा जुनाच. तिचे कलम १६४२ म्हणते की लीज वस्तूंची असते, किंवा कामाची आणि सेवेची. लंडनच्या वकिलाने हे वाक्य वाचले तर त्याला छापण्यात चूक झाली असे वाटेल. त्यातही गंमत अशी, की स्पॅनिश कलम १५४६ प्रमाणे सेवा देणारा तो ‘आरेन्दादोर’, म्हणजे भाड्याने देणारा. शब्दाला शब्द ठेवला तर घरातला गडी लेसर ठरतो आणि पगार देणारा मालक लेसी.

मुदत संपल्यावर भाडेकरू पंधरा दिवस तसाच राहिला आणि मालक गप्प बसला, तर नवा भाडेपट्टा झाला असे मानतात. याला स्पॅनिशमध्ये ‘तासिता रेकोन्दुक्सिओन’ म्हणतात. फिलिपिन्सच्या संहितेने यासाठी ‘गर्भित नवी लीज’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द योजले. तरी तिथले वकील अजून स्पॅनिश नावच घेतात, आणि माझ्या मते ते बरोबर करतात.

विसाव्या शतकाने गुंता वाढवला. पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई आली आणि १९२० च्या फर्मानाने स्पेनमध्ये ‘प्रोरोगा फोर्सोसा’, म्हणजे भाडेकरूला हवी असेल तर करार वाढवून देण्याची मालकावरची सक्ती आली. ती १९४६ आणि १९६४ च्या कायद्यांत टिकली. १९८५ मध्ये नव्या करारांपुरती उठली. चाळीत वाढलेल्या मुंबईकराला वेगळे समजवायला नको. दुकानांपुरता तिथे ‘त्रास्पासो’ होता : दुकानदार गाळ्यावरचा हक्क पैसे घेऊन तिसऱ्याला देई आणि मालकाला त्या रकमेत वाटा मिळे. इंग्रजीत याला नुसते ‘असाइनमेंट’ म्हटले तर पैशाची बाजूच गळून पडते. मराठीत ‘पागडी’ म्हटले की निम्मे काम होते.

१९९४ चा शहरी भाडेपट्टा कायदा आजही चालू आहे. त्यात ‘फिआन्सा’ आहे, घराला एका महिन्याच्या भाड्याइतकी आणि इतर वापराला दोन महिन्यांची. ही आपली अनामत. पण दिवाणी संहितेत फिआन्सा म्हणजे हमी, आणि फौजदारीत जामीन. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलणाऱ्याच्या हातून भाडेकरू जामिनावर सुटतो.

मुदतीचा घोटाळा याहून महागात पडतो. राहत्या घराला १९९४ मध्ये किमान पाच वर्षांचे संरक्षण होते, २०१३ मध्ये ते तीनवर आले, २०१९ मध्ये पुन्हा पाच झाले. मालक कंपनी असेल तर सात. ‘पाच वर्षांची लीज’ असे वाचून दक्षिण किनाऱ्यावर घर घेणारा ब्रिटिश भाडेकरू समजतो की आपण पाच वर्षे अडकलो. खरे तर अडकलेला असतो मालक. भाडेकरू सहा महिन्यांनंतर तीस दिवसांची सूचना देऊन निघू शकतो. नुकसानभरपाई द्यावी लागते ती करारात तसे कलम घातले असेल तरच.