एअर बॅगचा ऑनबोर्ड कॉम्प्रेसर आणि त्याची वायरिंग

मालवाहू गाडीच्या मागच्या एक्सलवर, पाट्यांच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) जोडीला बसवलेल्या रबरी हवापिशव्यांत केबिनमध्ये बसूनच हवा भरता आणि सोडता यावी, म्हणून चेसिसवर लावलेला व गाडीच्या बॅटरीवर चालणारा लहान कॉम्प्रेसर. या पिशवीला गॅरेजमध्ये एअर बॅग म्हणतात; बसगाड्यांवर काम केलेले मिस्त्री तिलाच बेलो म्हणतात. अपघाताच्या वेळी स्टिअरिंगमधून फुगणाऱ्या एअरबॅगशी तिचा काही संबंध नाही.

नागपूर भागात या जोडणीचा खरा उपयोग पिकअप आणि छोट्या ट्रकांना होतो. काटोल, नरखेडकडून संत्री घेऊन कळमना बाजारात येणारी गाडी येताना भरलेली असते आणि जाताना रिकामी. भरलेली गाडी मागून बसते, हेडलाइटचा झोत वर जातो, पुढच्या चाकांवरचा भार घटून स्टिअरिंग हलके लागते. पाटे वाढवले तर रिकाम्या गाडीत चालकाची पाठ धरते आणि रिकामे क्रेट उडू लागतात. पिशवीत भरलेल्या गाडीला ५० ते ७० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे हवेच्या दाबाचे माप) आणि रिकाम्या गाडीला ५ ते १० पीएसआय दाब ठेवला की दोन्ही फेऱ्या सुसह्य होतात. कॉम्प्रेसर गाडीवर नसेल तर प्रत्येक फेरीला पंक्चरच्या दुकानात थांबावे लागते, आणि मग दोन महिन्यांत पिशव्यांकडे दुर्लक्ष होते. बहुतेक पिशव्यांना कमाल १०० पीएसआय आणि किमान ५ पीएसआय ही मर्यादा असते. किमान दाबाखाली चालवलेली पिशवी स्वतःच्याच घडीत चिमटून फाटते, म्हणून ती कधीही पूर्ण रिकामी ठेवू नये.

पिशवीमुळे गाडीची उंची सावरते, पण वहनक्षमता वाढत नाही. एक्सल, ब्रेक, टायर आणि चेसिस तेच राहतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११३ ची वजनमर्यादा पिशव्या लावल्यावरही तीच असते आणि कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये दंड व वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये पडतात. गाडी मागून बसलेली दिसत नाही म्हणून चार क्रेट जास्त चढवणे, हा या साधनाचा सर्वांत वाईट वापर आहे.

गाडी कोणती, हे आधी पाहावे. पिकअप आणि लहान मालवाहू गाड्या १२ व्होल्टच्या असतात. मोठ्या ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. २४ व्होल्टच्या गाडीवर १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर दोनपैकी एकाच बॅटरीवरून चालवण्याची पद्धत दिसते. ती चुकीची आहे. एक बॅटरी सतत उपाशी राहते, चार्जिंग मात्र दोन्हींना एकत्र मिळते, त्यामुळे दुसरी बॅटरी जास्त चार्ज होऊन उकळते आणि काही महिन्यांत दोन्ही बाद होतात. अशा गाडीला कॉम्प्रेसर आणि रिले (लहान करंटच्या हुकमाने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) दोन्ही २४ व्होल्टचेच घ्यावेत. ज्या ट्रकला एअर ब्रेक आहेत, त्याला तर विजेचा कॉम्प्रेसर लागतच नाही, कारण इंजिनवर चालणारा मोठा कॉम्प्रेसर आधीच असतो. मात्र हवा ब्रेकच्या टाकीला टी (तीन तोंडांचा सांधा) मारून घेऊ नये. संरक्षण झडपेच्या सहायक वापरासाठीच्या तोंडावरूनच ती घ्यावी, म्हणजे पिशवी फुटली तरी ब्रेकची हवा शिल्लक राहते. पुढील सर्व आकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आणि चालताना ३० अँपिअर घेणाऱ्या कॉम्प्रेसरचे आहेत.

मांडणीत दोन स्वतंत्र मार्ग असतात. जाड मार्ग मोटारीला वीज पुरवतो, बारीक मार्ग फक्त रिलेला हुकूम देतो. रिलेच्या टर्मिनलांना क्रमांक असतात: ३० व ८७ जाड मार्गाची, ८५ व ८६ हुकूम घेणाऱ्या आतल्या कॉइलची.

जाड मार्ग असा: बॅटरीचे धन टोक, तिथून एका वितीच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज, मग रिलेचे टर्मिनल ३०, टर्मिनल ८७ वरून कॉम्प्रेसरची लाल वायर, आणि काळी वायर चेसिसला. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा कुठे घासला तर त्याला कुणीच वाली नसतो, म्हणून तो आखूड ठेवायचा. काचेच्या नळीचा फ्यूज आणि त्याचा प्लास्टिकचा होल्डर इथे वापरू नये, तो वितळतो. मोठा ब्लेड फ्यूज किंवा बोल्टने कसायचा पट्टीफ्यूज वापरावा.

बारीक मार्गाच्या दोन पद्धती प्रचारात आहेत. पुष्कळ जण चावीवरून ८६ ला थेट वीज देतात आणि प्रेशर स्विच (टाकीतल्या दाबानुसार कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा) ८५ व चेसिस यांच्यामध्ये बसवतात. ही जोडणी चालते, पण तिच्यात एक दोष लपलेला आहे. प्रेशर स्विच मागे, कॉम्प्रेसरची हवा साठवणाऱ्या टाकीवर असतो, म्हणजे ८५ वरून निघालेली वायर चेसिसच्या कडेने लांब जाते. ती वाटेत कुठेही घासून चेसिसला टेकली की रिलेला अर्थ (चेसिसमधून ऋण जोडणी) मिळते आणि टाकी भरली तरी कॉम्प्रेसर चालूच राहतो. म्हणून स्विच वीज येण्याच्या बाजूला घ्यावा: चावीची अॅक्सेसरी लाइन (रेडिओसारख्या उपकरणांना वीज देणारी), ५ अँपिअरचा फ्यूज, केबिनमधला बटण-स्विच, टाकीवरचा प्रेशर स्विच, मग ८६, आणि ८५ जवळच चेसिसला. यात तीच वायर घासली तर ५ अँपिअरचा फ्यूज उडतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. वायर एक-दोन मीटर जास्त लागते, पण बिघाड झाला तर यंत्र बंद पडावे, चालू राहू नये, ही या सगळ्या कामाची पहिली अट आहे. अॅक्सेसरी लाइन घेण्याचे कारण असे की स्टार्टर फिरताना ती बहुतेक गाड्यांत क्षणभर बंद होते, त्यामुळे स्टार्टर आणि कॉम्प्रेसर यांची बॅटरीसाठी ओढाताण होत नाही.

रिलेची कॉइल १२ व्होल्टवर सुमारे ०.१५ अँपिअर घेते, म्हणून प्रेशर स्विचच्या नाजूक संपर्कांवर भार येत नाही. कॉइल बंद होताना उलट व्होल्टेजची ठिणगी उठते. ती मारण्यासाठी ८५ व ८६ वर १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावावा, पट्टीचे टोक ८६ कडे. काही रिलेत डायोड आतच असतो. अशा रिलेत ८६ ला धन दिलेच पाहिजे, उलटे चालत नाही. पाच पिनांच्या रिलेत मधली पिन ८७ए असेल तर तिला हात लावू नये. कॉइलला वीज नसताना ती ३० शी जोडलेली असते, म्हणजे तिच्यावर लावलेला कॉम्प्रेसर चावी काढल्यावरही चालतो.

वायरीची जाडी हा सर्वांत जास्त फसवणारा भाग आहे. बॅटरी पुढे, कॉम्प्रेसर मागे, अंतर ४ मीटर. परतीची वायरही धरली तर ८ मीटर तांबे. ३० अँपिअरला २.५ चौरस मिमी वायरीत सुमारे १.९ व्होल्ट वाटेतच जातात, ४ मध्ये १.२, ६ मध्ये ०.८ आणि १० मध्ये साधारण ०.४५. परतीचा मार्ग चेसिसमधून घेतला तर हा तोटा जवळजवळ निम्मा होतो. म्हणून चेसिस परतीला ६ आणि पूर्ण दुहेरी वायरीला १० चौरस मिमी घ्यावी, तीही शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण क्रिंपमध्ये (दाबून बसवलेल्या टोकात) सैल होते. व्होल्टेज पडले की मोटार जास्त करंट ओढते, असे पुष्कळ वायरमन सांगतात. ते पंप-पंख्याच्या एसी मोटारीला लागू आहे. इथल्या चुंबकाच्या डीसी मोटारीचा करंट हवेच्या दाबावर ठरतो. व्होल्टेज कमी मिळाले तर ती हळू फिरते, टाकी भरायला वेळ लागतो, आणि त्या वाढलेल्या वेळात ती तापते.

अर्थसाठी चेसिसवरचा रंग घासून चकचकीत लोखंड काढावे, दातेरी वॉशर आणि ८ मिमी बोल्टने लग (वायरीच्या टोकाची कडी) कसावा, मग वरून ग्रीस किंवा रंग लावावा. बॅटरीच्या ऋण टोकावर करंट सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत अर्थ त्या टोकावर थेट लावू नये. सेन्सरला चुकवून गेलेला करंट हिशेबात येत नाही आणि चार्जिंग बिघडते.

नागपूरच्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअस नवलाचे नाही. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. कॉम्प्रेसरवर छापलेले ड्यूटी सायकल (एकूण वेळेत चालू राहण्याचे प्रमाण) साधारण २२-२५ अंश हवेला आणि ठरावीक दाबाला मोजलेले असते. ३३ टक्के म्हणजे अर्ध्या तासात १० मिनिटे चालू, २० मिनिटे विश्रांती. दुपारी गरम डांबरावर उभ्या गाडीखाली एवढेही गृहीत धरू नये. आतला थर्मल कटआउट (तापल्यावर वीज तोडणारा स्विच) मोटार वाचवतो, पण रोज कटआउट पडणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पिस्टनची रिंग लवकर जाते. म्हणून कॉम्प्रेसर इंजिनजवळ किंवा सायलेन्सरच्या बाजूला न लावता चेसिसच्या बाहेरच्या अंगाला, वारा लागेल तिथे, रबरी बुशवर बसवावा. हवा ओढण्याचे तोंड नळीने केबिनच्या मागे उंचावर न्यावे. कामठी, उमरेड, सावनेरच्या कोळसा रस्त्यांवर आणि कोराडी, खापरखेड्याच्या राखेच्या वाहतुकीत चाकांमागची धूळ बारीक असते. तिथे फिल्टर दर महिन्याला झाडावा.

उन्हाचा आणखी एक परिणाम मोजून सांगता येतो. सकाळी २५ अंशांना ५० पीएसआय भरलेली पिशवी दुपारी ४५ अंशांना, उंची तीच राहिली तर, सुमारे ५४ पीएसआय दाखवते. चालकाला वाटते कॉम्प्रेसर आपोआप चालला. तसे नसते. त्या वेळी हवा सोडली तर रात्री गाडी बसते.

हवेची बाजू थोडक्यात. कॉम्प्रेसरच्या तोंडाची जाळीदार नळी आणि तिच्यावरची नॉन-रिटर्न झडप (हवा उलट येऊ न देणारी) काढू नये. तिथली हवा एवढी गरम असते की नायलॉनची नळी मऊ पडते. पुढे टाकी, टाकीवर ११० ला चालू व १४५ पीएसआयला बंद होणारा प्रेशर स्विच, १७५ पीएसआयला उघडणारी सेफ्टी झडप आणि सर्वांत खाली पाणी काढायचा कॉक. ९.५ लिटरच्या टाकीला ११० वरून १४५ वर जायला सुमारे २३ लिटर मोकळी हवा लागते. त्या दाबाला मिनिटाला २५ लिटर देणारा कॉम्प्रेसर हे काम मिनिटभरात करतो. याहून फार वेळ लागत असेल तर गळती किंवा व्होल्टेज शोधावे. डाव्या-उजव्या पिशव्यांच्या नळ्या आणि गेज वेगळे ठेवावेत; एकत्र जोडल्या तर वळणावर दाबल्या गेलेल्या बाजूची हवा दुसरीकडे जाते आणि गाडी अधिक झुकते. प्रत्येक नळीवर ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असलेला टी ठेवावा, म्हणजे कॉम्प्रेसर बंद पडला तरी पंक्चरवाला हवा भरू शकतो.

आयात किटवरचे आटे बहुधा एनपीटी (अमेरिकन मापाचे) असतात आणि आपल्याकडच्या हायड्रॉलिकच्या दुकानातले बीएसपी (ब्रिटिश मापाचे). पाव इंचात पहिल्याला इंचाला १८ आटे, दुसऱ्याला १९. दोन फेरे बसतात, मग अडकतात. कितीही टेफ्लॉन गुंडाळले तरी तो सांधा गळणार. नळी धारदार पात्याने काटकोनात कापावी. पकडीने चिमटून कापलेली नळी पुशफिटिंगमध्ये (नळी नुसती ढकलून बसवायच्या सांध्यात) लगेच गळू लागते.

पावसाळ्यात पाणी खरेच साचते. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची एक घनमीटर हवा १४५ पीएसआयपर्यंत दाबून थंड झाली की सुमारे २० ग्रॅम पाणी सुटते. टाकी आतून गंजते, गंज व्हॉल्व्हमध्ये अडकतो. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा, एरवी महिन्यातून एकदा कॉक उघडावा. रिले टर्मिनल खाली करून लावावा आणि वायरीला आधी खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळावरून गळून जाते.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून, कॉम्प्रेसर भाराखाली चालत असताना दोन मोजण्या घ्याव्यात. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धनावर, दुसरे कॉम्प्रेसरच्या लाल वायरीवर: ०.५ व्होल्टच्या आत. मग बॅटरीचे ऋण आणि कॉम्प्रेसरची काळी वायर: ०.२ च्या आत. कॉम्प्रेसर बंद असताना घेतलेले १२.४ व्होल्ट काहीच सांगत नाहीत, कारण सडलेला सांधाही करंट नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्यानंतर टाकी भरून, चावी काढून, साबणाचे पाणी प्रत्येक सांध्यावर लावावे आणि गेजचा आकडा लिहून ठेवावा. रात्रभरात टाकीचा दाब १०-१५ पीएसआयहून जास्त उतरला तर सांधा पुन्हा उघडावा.

बिघाडांत सर्वाधिक आढळतो तो वितळलेला रिले सॉकेट. ३० अँपिअरचा म्हणून विकला जाणारा साधा रिले गरम जागेत तेवढा करंट सतत सोसत नाही, आणि ६.३ मिमीची सैल क्लिप त्यात भर घालते. ७० अँपिअरचा रिले घ्यावा आणि क्लिप हाताने ओढून पाहावी. सुरू होतानाच ४० अँपिअरचा मोठा फ्यूज उडत असेल तर त्याहून जास्त अँपिअरचा घालण्याआधी नॉन-रिटर्न झडप तपासावी. ती गळत असेल तर टाकीचा दाब पिस्टनवर परत येतो आणि मोटारीला भरल्या दाबाविरुद्ध उठावे लागते. दर काही मिनिटांनी आपोआप चालू-बंद होणे म्हणजे गळती. आधी टाकीनंतरची झडप बंद करावी, तरी दाब उतरला तर दोष टाकीच्या बाजूला, नाही तर पिशव्यांकडे.

कॉम्प्रेसर थांबतच नसेल तर चावी काढावी. तरीही चालू राहिला तर रिलेचे संपर्क चिकटले आहेत. अशा वेळी प्रेशर स्विच कितीही चांगला असला तरी काही करू शकत नाही. ताबडतोब मोठा फ्यूज काढावा आणि रिले बदलावा, ठोकून सोडवलेला पुन्हा वापरू नये. तोवर टाकी सांभाळते ती फक्त सेफ्टी झडप. ती गळते म्हणून प्लग मारून बंद केलेल्या टाक्या गाड्यांखाली आढळतात. तिची कडी महिन्यातून एकदा ओढून पाहावी. हवा सुटून झडप पुन्हा घट्ट बसली नाही, तर टाकी त्याच दिवशी रिकामी करून झडप बदलावी.